बंबकाकांचा फवारा

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर आगीच्या बंबावर होते, म्हणून अख्खी इमारत त्यांना बंबकाका म्हणते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चाल अजून तीच आहे. जिना चढताना असे चढतात, की वर कुणीतरी अडकलंय आणि हे सोडवायला निघालेत. भोंग्याशेजारी बसून बसून एक कान अधू झालाय, त्यामुळे बोलणं मोठ्यानं. कुणाच्याही घरी गेले तरी त्यांची नजर आधी गॅसच्या नळीवर जाते आणि मग माणसावर. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा ‘कशी आहेस’च्या आधी ‘ही नळी बदल’ म्हणाले. मी मुकाट बदलली. त्यांना नाही म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. एकट्या काकूंची होती.

काकू म्हणजे त्यांची बायको. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. एवढ्या मोठ्या आवाजाशेजारी संसार करून त्यांनी स्वतःचा आवाज कधी चढवला नाही. इमारतीच्या पुढच्या अंगाला, त्यांच्या खिडकीखाली, मातीचा एक लांबट पट्टा आहे. तिथे त्यांनी गुलाब लावले होते. लाल, पिवळे, एक शेंदरी आणि अगदी खिडकीला लागून एक पांढरा. टपोरी फुलं, आणि पानं तर अशी तुकतुकीत, की येणारी-जाणारी माणसं थांबून हात लावून खात्री करून घ्यायची.

मी वरच्या मजल्यावर राहते आणि चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं आणि घरी आल्यावर बाल्कनीतून लोकांच्या घरांत बघायचं, हा माझा दिनक्रम आहे असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मला ते मान्य आहे. समोर काहीतरी चाललंय आणि ते का चाललंय हे कळत नाही, अशा वेळी मला जेवण गोड लागत नाही. तर काकूंचं एक मला कधीच कळलं नव्हतं. सकाळी ऊन नुकतं पट्ट्यावर आलं, की त्या कमरेला कापडी पिशवी बांधून बाहेर येत आणि पानं तोडत. फुलं नव्हे, पानं! तीही कितीदा हिरवीगार दिसणारी, जमिनीलगतची. एकदा मी वरून विचारलं, “अहो काकू, चांगली पानं कशाला तोडताय?” त्यांनी मान वर केली, हसल्या आणि “असू दे” म्हणाल्या. एवढंच उत्तर. मी दिवसभर चडफडत होते.

मग एके दिवशी काकूंना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. हॉस्पिटलातून घरी आल्या तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून, आणि आल्या आल्या डाव्या हातानं खिडकीकडे बोट केलं. काकांनी खुर्ची तिथे नेऊन ठेवली. तेव्हापासून त्यांचा सगळा दिवस त्या खिडकीशी. व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या, त्यांना काकू खिडकीपाशीच हात देत, दुसरीकडे नेलं की मूठ आवळून बसत. त्या बाई जाताना जिन्यात म्हणाल्या होत्या, “बाहेर बघायचा नाद आहे तोवर ठीक आहे. तो सुटला, तर त्यांच्याकडून काही करून घेणं अवघड आहे.” हे काकांनी ऐकलं होतं आणि मीही. मी तर ऐकायलाच थांबले होते.

हाक मारता येत नाही म्हणून काकांनी त्यांना स्टीलचा पेला आणि चमचा दिला. दोन ठोके म्हणजे ‘इकडे या’. दोन ठोके पडले की काका हातातलं टाकून धावत सुटायचे. एकदा अर्धी दाढी साबणात असताना मी त्यांना धावताना पाहिलंय. लिहून सांगायचं म्हटलं, तर काकूंच्या डाव्या हातानं नुसत्या रेघोट्या उमटत. पेला आणि चमचा, एवढीच त्यांची वाचा उरली होती.

गुलाब आता काकांच्या गळ्यात पडले. आणि काका म्हणजे काय, पाण्यातला माणूस! नोकरीतून निरोप घेताना त्यांना सोबत्यांनी एक पितळी नोझल भेट दिलं होतं. ते इतकी वर्षं कपाटावर शोभेला होतं. ते त्यांनी खाली काढलं, चिंचोळ्या पाईपाला कसंबसं बसवलं, आणि दिवस कलला की सुरू झाला फवारा. साधं पाणी घालणं नव्हे. आधी सरळ धार, मग छत्रीसारखी, मग नोझल आणखी फिरवून पाण्याचा पातळ पडदा. तो पडदा हवेत धरून ते पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. मावळतीचं ऊन त्यातून गेलं की रंग दिसायचे. पानापानावरून पाणी ठिबकायचं. खालच्या मातीचे शिंतोडे उडून बुंध्याकडची पानं तपकिरी व्हायची, मग काका ती परत धुऊन काढायचे. मला बाल्कनीतून फुकटात खेळ मिळत होता, माझी काही तक्रार नव्हती.

फवारा सुरू झाला की काकू चमचा वाजवायला लागायच्या. दोन ठोके नव्हेत. टणटणटणटण, न थांबता. काका वळून खिडकीकडे बघायचे आणि दोन बोटं कपाळाला लावून सलाम ठोकायचे.

“बघितलंस?” त्यांनी मला खालून ओरडून विचारलं.

“काय?”

“टाळ्या! अगं, आम्ही शाळांमधून प्रात्यक्षिकं करायचो ना, तेव्हा पाण्याचा पडदा धरला की पोरं अशीच टाळ्या पिटायची. हिनं ते कधी पाहिलंच नव्हतं. मी बोलवायचो, ही म्हणायची, घरी कामं आहेत. आता बघ!”

त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. दुसऱ्या दिवशी पडदा आणखी उंच झाला, ठोके आणखी जोरात. नंतर आत जाऊन काका विचारायचे, “आवडलं ना?” काकू डोळे मिटून घ्यायच्या. काकांनी त्याचा अर्थ समाधान असा लावला होता.

आता गुलाबांचं. आधी पांढऱ्याच्या खालच्या पानांवर काळे ठिपके आले. मग ठिपक्यांभोवतीचं पान पिवळं पडलं, मग पान गळलं. ठिपके एकेक पायरी वर चढत गेले. शेजारच्या लालवर आले, मग पिवळ्यावर. काका गळलेली पानं रोज झाडून गोळा करायचे आणि झाडांच्याच बुडाशी मातीखाली सारायचे. “खत होईल,” म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. काकूंना ती दिसू नयेत. त्यांनी मला नंतर सांगितलं, “तिच्या डोळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात कशी टाकू?”

मी एक पान दुकानात नेलं आणि बारीक बघायच्या भिंगाखाली धरलं. माझ्या कामाचं नव्हतं, पण राहवेना. ठिपका लांबून गोल दिसतो, जवळून तसा नसतो. त्याच्या कडेला सगळीकडून बारीक झालर असते, शाई टिपकागदावर फुटावी तशी. मधे टाचणीच्या टोकाएवढे काळे फोड. तो डाग नव्हता. ते काहीतरी जिवंत होतं आणि चहूबाजूंनी हातपाय पसरत होतं. मला शहारा आला आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला मी म्हटलं, “जरा थांबा हं,” आणि पान उलटं करून पुन्हा पाहिलं.

घरी येताना नर्सरीत गेले. नर्सरीवाल्यानं पानाकडे नुसता कटाक्ष टाकला.

“बुरशी. गुलाबाला नेहमीचीच. औषध देतो, पाण्यात कालवायचं आणि पानाच्या दोन्ही अंगांना फवारायचं. पण एक ऐका, आलेला ठिपका औषधानं जात नाही. ते नव्या पानांना लागण होऊ देत नाही, बस. पाणी कसं घालता?”

“भरपूर,” मी ठणकावून सांगितलं. “रोज. काकांचा हातच आहे पाण्यावर.”

तो मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्यानं ‘कसं’ विचारलं होतं आणि मी ‘किती’ सांगितलं. पण हे मला तेव्हा कुठे कळलं!

काकांनी औषध मोठ्या निष्ठेनं मारलं. सकाळी तोंडाला फडकं बांधून, पानन् पान उलटं करून. आणि संध्याकाळी नेहमीसारखा पडदा धरून सगळं स्वच्छ धुऊन टाकलं. असं बरेच दिवस चाललं. औषधाचा डबा संपत आला आणि झाडं नागवी होत गेली. शेंड्याला चार पानं आणि खाली नुसते काटे. फुलं आली ती खुरटी, आणि पाकळ्या उघडायच्या आतच माना टाकणारी.

मग एका सकाळी काका जिन्यात भेटले. त्यांना मी असं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“आज तिनं खुर्ची फिरवायला लावली.”

“कुठे?”

“भिंतीकडे. मी म्हटलं, ऊन लागतंय का? पडदा ओढू? तर नाही. भिंतीकडेच. आणि व्यायामाच्या बाईंना हातही दिला नाही.” ते कठड्याला धरून उभे राहिले. “टाळ्याही बंद झाल्यात, काल आणि परवा. मला वाटतं तिला दिसत नसेल नीट. या आजारात डोळ्यांवर परिणाम होतो म्हणतात. तू एकदा तपास ना तिचे डोळे.”

डोळे तपासायला मी काही डॉक्टर नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला तसं म्हणवलं नाही. संध्याकाळी दुकानातून तपासणीची फ्रेम, भिंगांची पेटी आणि लहान मुलांसाठीची चित्रांची पाटी घेऊन मी खाली गेले. पाटीवर होडी, मांजर, छत्री अशी चित्रं असतात. तीच पुन्हा ओळीओळीनं लहान होत जातात. मी एका चित्राचा पुठ्ठा दाखवायचा, काकूंनी पाटीवर तेच चित्र बोटानं दाखवायचं. त्यांनी होडी दाखवली, मांजर दाखवलं, अगदी खालच्या ओळीतली मुंगीएवढी छत्रीसुद्धा दाखवली. इतकं स्वच्छ तर मलाही दिसत नाही. मी फ्रेम मिटून ठेवली. मग खुर्ची भिंतीकडे का? माझ्या डोक्यात भुंगा शिरला.

तेवढ्यात बाहेर नळ सुटला. पाईप फुरफुरला आणि पानांवर पाण्याचा सपसप आवाज सुरू झाला.

काकूंच्या अंगातून काहीतरी सळसळत गेलं. भिंतीकडे तोंड, समोर काही दिसत नाही, आणि तरी त्यांनी चमचा उचलला आणि पेल्यावर असा हाणला, की पेला मांडीवरून उडून खाली पडला. मी उचलून दिला. पुन्हा टणटणटणटण. मी त्यांच्या समोर जाऊन बसले. इतके महिने मी हा आवाज वरून ऐकत होते. खालून, इतक्या जवळून, तोंड बघत कधीच ऐकला नव्हता. ओठ घट्ट आवळलेले, कपाळावरची शीर तटतटलेली, डोळ्यांत पाणी. टाळ्या वाजवणाऱ्या माणसाचं तोंड असं नसतं. काकू जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या.

“काकू, नको म्हणताय?” मी विचारलं.

त्यांनी चमचा टाकला आणि माझी बाही पकडली, अशी की शिवण उसवली. मग माझा हात उपडा करून स्वतःच्या मांडीवर ठेवला. त्यावर वरून बोटं टिचक्यांसारखी पाडली. पाऊस? पाणी! वरून पाणी. मग नॅपकिन घेऊन माझा हात पुसला, जोरजोरात, दोन्ही बाजूंनी. पुन्हा टिचक्या, पुन्हा पुसणं. मी बावळटासारखी बघत होते. त्यांनी मान झटकली आणि कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे कपड्यांच्या चिमट्यांनी भरलेली एक जुनी पत्र्याची झारी होती. लांब, बारीक तोंडाची. तोंडावरची चाळणी काढून टाकलेली.

चाळणी काढून टाकलेली! म्हणजे त्यातून फवारा पडणारच नाही. एक धार पडेल, आणि तीही जिथे नेऊ तिथे. खाली, बुंध्याशी. मला एकदम काकूंच्या सगळ्या सकाळी दिसायला लागल्या. त्या वाकून झारीचं तोंड पानांखालून आत घालायच्या. सकाळीच घालायच्या, म्हणजे चुकून उडालेला थेंब उन्हानं वाळून जाईल. संध्याकाळी पानं भिजली की रात्रभर ओलीच राहतात, आणि त्या झालरवाल्या जिवाला तेवढी ओल पुरते. आणि जमिनीलगतची पानं आधीच तोडायच्या, कारण मातीतून उडालेला शिंतोडा पहिल्यांदा त्यांच्यावरच बसतो. ‘असू दे’ म्हणाल्या होत्या मला! एवढं सगळं त्या दोन शब्दांत गुंडाळून ठेवलं होतं बाईंनी. चार वाक्यं जास्त बोलल्या असत्या, तर काही बिघडलं असतं का? मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

आता प्रश्न होता काकांना सांगायचं कसं. ज्या आवाजावर तो माणूस दिवस काढत होता, त्या टाळ्या नव्हत्याच, हे त्याच्या तोंडावर कुणी सांगायचं? माझ्यानं होणार नव्हतं. मी काकूंची खुर्ची फिरवून पुन्हा खिडकीशी लावली, चमचा त्यांच्या हातात दिला, शेजारी एक स्टूल ठेवलं आणि बाहेर गेले.

“काका, पाईप माझ्याकडे द्या आणि आत जाऊन काकूंजवळ बसा.”

“का? काय झालं?”

“डोळे उत्तम आहेत. तुम्ही बसा तर.”

“तुला नोझल जमणार नाही.”

“जमेल. जा.”

ते गेले. खिडकीत दोन चेहरे शेजारी-शेजारी दिसायला लागले. मी नोझल फिरवलं. निम्मं पाणी माझ्याच अंगावर आलं, पण उरलेल्याचा कसाबसा पडदा झाला आणि मी तो पांढऱ्या गुलाबावर धरला. काचेमागे काकूंचा डावा हात वर-खाली होऊ लागला. काका आधी माझ्याकडे बघत होते, माझा पवित्रा चुकतोय म्हणून हातवारे करत होते. मग त्यांनी मान वळवली आणि बायकोकडे पाहिलं.

ते बघतच राहिले. मी पाणी बंद केलं तरी ते तिकडेच बघत होते. काकूंनी चमच्यानं त्यांच्या गुडघ्यावर एक सणसणीत ठोका दिला. तो मला बाहेर ऐकू आला.

आत गेले तेव्हा काका स्टुलावर तसेच बसले होते. मी काकूंच्या टिचक्या आणि नॅपकिन करून दाखवलं, झारी दाखवली, मातीखाली सारलेल्या पानांचं विचारलं. पानांचा विषय निघताच काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. काकांनी झारीच्या उघड्या तोंडावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “ही आगच आहे म्हण की. फक्त हिला जळण म्हणून पाणी लागतं. आणि मी रोज संध्याकाळी ओतत होतो. ठिणग्यासुद्धा बुडाशी पुरून ठेवल्या मी.” मग बायकोकडे वळून, “आणि तू बोंबलत होतीस, आणि मी सलाम करत होतो.”

काकूंच्या तोंडाचा चांगला अर्धा भाग हसला. काकांना मात्र हसू येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. शेवटी काकूंनीच नॅपकिन पुढे केला.

दुसऱ्या दिवसापासून पट्ट्यावर जे सुरू झालं, ते बघायला मी दुकानात उशिरा जायला लागले. काकांनी मातीचा वरचा थर खरवडला, पुरलेली पानं शोधून शोधून काढली आणि पिशव्यांची तोंडं बांधून कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकून आले. झाडावरचं ठिपकेवालं पान एक ठेवलं नाही. मग छाटणी. खिडकी उघडी, काकू आत, काका कात्री घेऊन बाहेर. काका एका फांदीला बोट लावायचे आणि आत बघायचे. दोन ठोके म्हणजे काप, एक म्हणजे राहू दे. झाडाच्या पोटात शिरलेल्या फांद्या गेल्या, एकमेकींना घासणाऱ्या गेल्या, आरपार वारा जाईल असं झाड मोकळं झालं. एक झाड झालं की कात्रीची पाती स्पिरिटनं पुसायची, मगच दुसऱ्याला हात. हे काका एकदा विसरले, तर आतून असा ठणाणा झाला की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. मातीवर नवा, कोरडा भुसा पसरला, शिंतोडा उडू नये म्हणून. चिमटे दोरीवर गेले आणि झारी कामाला लागली. पितळी नोझल परत कपाटावर गेलं.

आणि मग काही नाही. नुसत्या काटेरी काठ्या. काकू रोज त्या काठ्यांकडे बघत बसायच्या. व्यायामाच्या बाईंना पुन्हा हात द्यायला लागल्या, पण खुर्ची दुसरीकडे नेऊ देत नसत. काकांच्या जिवाला घोर लागला होता. मला जिन्यात अडवून विचारायचे, “मेली तर नसतील ना गं? फार कापलं का मी? फुटली नाहीत, तर ती पुन्हा भिंतीकडे वळेल.” मी नखानं एका काठीची साल जरा खरवडून दाखवली. आत हिरवं होतं. त्यांनी ते काकूंना नेऊन दाखवलं.

कोवळे कोंब आले ते लालसर. पहिला पांढऱ्या गुलाबालाच, खिडकीच्या बाजूला. पानं उलगडायला लागली तशी काकांनी सकाळचं औषध सुरू केलं, या वेळी न धुता. माझ्याकडून दुकानातलं एक जुनं भिंग मागून नेलं आणि रोज सकाळी प्रत्येक पान उलटंपालटं बघायला लागले. मधे एकदा खाली, आतल्या अंगाला, एक ठिपका निघाला. तो आधी काकूंनीच खिडकीतून हेरला. दोन ठोके. काका धावत आत, काकूंचं बोट, काका धावत बाहेर, पान तोडून पिशवीत. आता कुठलाही ठोका वाजला की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. सलाम तर त्यांनी त्या दिवसानंतर एकदाही केला नाही.

परवा सकाळची गोष्ट. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. पट्टा हिरवागार झालेला, पानं पूर्वीसारखी तुकतुकीत, आणि पांढऱ्यावर पहिलं मोठं फूल उमललेलं, अगदी खिडकीच्या गजांना टेकून. काका झारी घेऊन वाकले होते. एवढ्यात आतून आवाज आला. टणटणटणटण, न थांबता.

काकांनी झारी टाकली आणि खिशातून भिंग काढलं.

“कुठे? कुठलं झाड? अगं, बोट तरी दाखव!”

बोट दिसेना, ठोके थांबेनात. काका गुडघ्यांवर बसले. पांढऱ्याचं एकेक पान उलटून पाहिलं, मग लालचं, मग पिवळ्याचं, पार टोकाच्या शेंदरीपर्यंत गेले आणि घामाघूम होऊन परत आले. “काही नाही गं! सगळं स्वच्छ आहे! मला दिसत नाहीये, कुठे आहे सांग ना!” आवाज रडवेला झाला होता. त्यांनी पुन्हा पहिल्या झाडापासून सुरुवात केली, खिडकीकडे पाठ करून.

मी वरून वाकून बघितलं. खिडकी उघडी होती. काकूंचं तोंड मला नीट दिसत होतं. अर्धंच हसत होतं, पण मी एवढे चेहरे दिवसाकाठी बघते, मला ते वाचता येतं.

“काका,” मी ओरडले, “पानं राहू द्या. मागे वळा. काकूंकडे बघा!”

ते वळले. मातीनं भरलेले गुडघे, एका हातात भिंग. काकूंनी त्यांच्याकडे बघत पुन्हा चमचा वाजवला, या वेळी सावकाश. काका उभे राहिले. त्यांचा हात वर जायला निघाला आणि अर्ध्यातच अडखळला. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, खरंच ना, असं विचारावं तसं. मी मान हलवली. मग त्यांनी भिंग खिशात टाकलं, मातीचा हात पँटला पुसला, आणि दोन बोटं कपाळाला लावली.